गारमहालातली काचपट्टी

कुंदा मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखांदूरकडे जाणाऱ्या एसटीत होतो आणि माझ्या खिशात रुमालात गुंडाळलेली एक काचपट्टी होती. त्यांच्याच कामाला निघालो होतो. आदल्या दिवशी भंडाऱ्याच्या दवाखान्यात भेटलो, तर तब्येतीचं काही बोलूच देईनात. "काच फुटली का, सर?" एवढंच विचारलं. मी जाऊन पाहून आलो होतो, फुटली म्हणालो. लगेच म्हणाल्या, "मंग दुसरी लावून या." फोन आल्यावर पुढच्या थांब्यावर उतरलो आणि परतीची गाडी धरली. काच खिशातच राहिली.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी विज्ञान शिकवायचो, त्या चित्रकला. त्यांच्या गावाच्या तलावावर गारमहाल आहे. वैशाखाचा ताप चुकवायला कुण्या मालगुजारानं, म्हणजे इकडच्या जुन्या जमीनदारानं, बांधलेला. राजवाडा म्हणावा एवढा मोठा नाही, बंगला म्हणावा एवढा साधा नाही. अर्धा तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या भरावावर, अर्धा लाकडी खांबांवर पाण्यात उभा. भिंती दुहेरी, मधे माणूस अंग चोरून जाईल एवढी बोळ. ऊन वरच अडावं म्हणून छतात चुन्यात बसवलेली उपडी मडकी. खालच्या खोलीच्या जाळ्या पाण्यापासून हातभर वर. "वारा आंधी पान्यावर लोळते, मंग घरात येते," असं मॅडम मुलांना सांगत. दर उन्हाळ्यात त्या पोरांना तिथं चित्रं काढायला नेत. मालगुजारी गेली तसा महालाचा थाटही गेला. मग कधी तिथं धानाची पोती राहिली, कधी मतदान झालं, कधी वऱ्हाडाच्या पंगती उठल्या. मॅडम धिवराच्या घरच्या, वडील त्याच तलावात मासे धरत. "आमाले पायरीवरबी बसू देत नोते, सर. आता पाहा, कशी पाय पसरून बसून राहिली," असं म्हणून हसायच्या.

खालच्या भिंतींना ओल चढून चुना सुटू लागला तसा त्यांनी दुरुस्तीचा ध्यास घेतला. पण तोवर जिल्हा फुटला होता. महाल भंडाऱ्यात राहिला आणि तलाव गोंदियात गेला. इकडे अर्ज दिला की तिकडे बोट, तिकडे दिला की इकडे. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. मॅडम वर्षानुवर्षं दोन्हीकडच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. पाणी महालाला खाऊन राहिलं, ते दूर करा, हे त्या भेटेल त्याला पटवत. शेवटी एकदाची मंजुरी आली. महालाभोवती मातीचा बांध घालून पाणी मागे सारलं. खांब पहिल्यांदाच उघडे पडले, लोकांनी फोटो काढले, मीही काढला. भिंती वाळल्या, नवा चुना बसला, गावात पेढे वाटले गेले.

पुढच्या उन्हाळ्यात खांब तडकले. खालच्या खोलीची फरशी एका अंगाला खचली आणि नव्या चुन्यावरून वरपासून खालपर्यंत भेग गेली. मॅडम पायरीवर बसून राहिल्या. "बाबा आमचा डोंगा उन्हाळ्यात पान्यात बुडवून ठेवत. लाकूड वाळलं का तडकते. हे मले लहानपनापासून माईत होतं, सर. तरी पानी काढा मनून मीच मांगे लागली. काहून नाई आठवलं मले?" मी विज्ञानाचा मास्तर, मलाही कुठे आठवलं होतं? बांध फोडा म्हणून त्या पुन्हा दोन्हीकडे गेल्या. "मॅडम, तुम्हीच तर काढायला लावलं होतं," असं उत्तर मिळालं. ते खोटं नव्हतं. आणि पाणी आलं असतं तरी फाटलेलं लाकूड काही सांधणार नव्हतं.

तेव्हापासून त्या माझ्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या नेऊ लागल्या. भेगेवर आडवी पट्टी आणि दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा. भेग सरकली की काच फुटते. "तुमच्या काचा चोरून नेऊन राहिली," असं सांगून सवरून चोरी. एकदा मी वैतागून म्हणालो, काच लावून भेग थांबते का? "डॉक्टर रोज ताप पायते, तेनं ताप उतरते का? तरी पायतेच ना." त्यांच्या शेवटच्या आठवड्यांत दवाखान्यात मी दुसरं काय करत होतो? जायचो, पाहायचो आणि परत यायचो. फार राग यायचा, पण कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

परवा महालात गेलो. खाली पाणी नाही, त्यामुळे खोली भट्टीसारखी तापली होती. फुटलेल्या काचा मॅडमनी काढल्याच नव्हत्या. भेगेवर एकाखाली एक, सगळ्या मधोमध तडकलेल्या, आणि प्रत्येकीशेजारी त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख. शेवटच्या काचेखाली मी खिशातली लावली. माझ्या गिचमिड अक्षरात तारीख घातली. गोळे वाळेपर्यंत काच बोटांनी दाबून धरावी लागते, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. गोळे वाळले, पांढरे पडले... तरी बोटं काढायचा धीर होईना.