मागच्या जिन्यानं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

गजानन आणि मी नागपुरात कॉलेजच्या होस्टेलवर एका खोलीत राहायचो. तो उमरेडच्या विणकराचा मुलगा, मी मौद्याकडचा. दोघांच्याही घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी तो गप्प होत गेला. झोप लागेना, ताटातली पोळी तशीच राही. आजारी नव्हता — अजून नव्हता.

आमच्या मानसशास्त्राच्या बाई बुधवारी दुपारी एका रिकाम्या वर्गात बसत. मन जड वाटत असेल त्यानं येऊन बोलावं, आजाराची वाट कशाला पाहायची, असं त्यांचं म्हणणं. औषध नाही, काही नाही. बाई ऐकत आणि जाताना एखादं छोटंसं काम देत — सकाळी तलावापर्यंत चालून ये, एकट्यानं जेवू नकोस. गजानन जायला लागला. हळूहळू जेवायला लागला. एकदा तर अंघोळ करताना गुणगुणलाही.

मग मी काय केलं? मेसमध्ये, सगळे जेवायला बसलेले असताना, मोठ्यानं विचारलं, "काहून गा गजानन, पागलखान्याची पर्ची कधी काढून राहिला?"

नागपुरात ‘पागलखाना’ या एका शब्दाला माणसं किती भितात, हे बाहेरच्याला कसं सांगू? सगळे हसले. गजाननही हसला. त्यानंतरच्या बुधवारी तो गेला नाही. पुढेही नाही.

थट्टा होती — असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आलो. थट्टा नव्हती ती. बाईंनी मला विचारलं, गजानन का येत नाही? मी म्हणालो, तो आता बरा आहे. पण बाईंनी मलाच का विचारावं? कारण त्यांच्यासमोर मी बसलो होतो. त्याच्याही आधीपासून मी जात होतो — चोरून, मागच्या जिन्यानं. तो एक दिवस मला तिथे पाहील, या धास्तीनं मी त्याला तिथून हाकललं. आणि मी जातच राहिलो.

परीक्षेआधी त्याचे वडील आले आणि त्याला एसटीनं घरी घेऊन गेले. पुढे मी उमरेडला गेलो, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. वळला नाही. त्याच्या आईनं मला चहा दिला, शेजारी बसली.

"तू त्याच्यासंग राहत होता, बापू. काय झालं होतं त्याले?"

"मले नाही मालूम, काकू."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, तू तरी धड राहा.

मी धड राहिलो.