नाइटिंगेलवर उंदीर नको

ट्रिस्टन बेटाच्या धक्क्यावर ड्युलसी स्वेन दिसली की होडीवाले कपाळाला हात लावत. पेंग्विनची अंडी आणायला नाइटिंगेल बेटाकडे होडी निघाली, की ही बाई प्रत्येकाची गोणी उलटी करून झटकायची. नाइटिंगेलवर उंदीर अजून पोचला नव्हता. ट्रिस्टनवर तो आजोबांच्या काळात एका फुटक्या जहाजातून उतरला आणि डोंगरउतारावरचे पक्षी फस्त करून बसला. वर्षातून एकदा सगळं गाव उंदीर मारायला बाहेर पडे. त्यात सर्वांत लांब शेपटीचं बक्षीस ड्युलसीचंच, तरी मेल्यांवरचा तिचा राग काही उतरत नसे.

त्या दिवशी वारा फिरायच्या आत पोचायचं म्हणून धाकटा भाऊ वॉल्टर घायकुतीला आला होता. सुकाणू त्याच्या हातात होतं. नाइटिंगेलचे खडक अगदी जवळ आले, तेवढ्यात ड्युलसीला शिदोरीतला पाव कुरतडलेला दिसला.

"थांबव! होडीत उंदीर आहे."

"अगं ताई, लाटा बघ जरा! आधी उतरू, मग शोध तुझा उंदीर."

"उतरून तर बघ, वल्हं घालीन डोक्यात!"

माणसांनी शिव्या घालत, वल्ही मारत होडी कशीबशी जागेवर धरली. ड्युलसी एकेक गोणी उपसत गेली. शेवटी एकच उरली, तिची स्वतःची, बटाट्यांची. मळ्यातल्या झोपडीतून उचलून तशीच आणलेली. दुसऱ्यांच्या गोण्या झटकायच्या नादात तेवढी राहून गेली होती.

तोंड सोडताच उंदराने बाहेर उडी घेतली, ती थेट पाण्यात. तो सरळ खडकाकडे पोहू लागला. वॉल्टरने होडी आडवी घातली, लाट आत आली, ड्युलसीने वल्हं हाणलं. चुकलं. पुन्हा हाणलं. खडक हातभर उरला असताना घाव बसला.

वॉल्टरने शेपटीला धरून उंदीर वर काढला. "मेला एकदाचा! चला, दोर फेका."

"थांब. पोट बघ."

मादी होती, दुधावरची. पिल्लं घरी मळ्यात होती की होडीच्या फळ्यांखाली, कोण सांगणार? समोरच्या गवतात पेंग्विनचा कलकलाट चालला होता. याच अंड्यांची गाव वर्षभर वाट बघत होतं.

"होडी फिरव," ड्युलसी म्हणाली.

"रिकामी? आणि गावाला काय सांगू?"

शरमेने तिला रडू फुटलं होतं. तिने डोळे पुसलेही नाहीत.

"उंदीर ड्युलसीच्या गोणीतून आला, असं सांग."