आत्याची लाथ

आत्या गेल्याचा फोन मला मुकादमाने केला. "तुमची आत्या गेली, सर... आता माज्या मानसांच्या कमरा कोन बघनार?" ज्याने त्या कमरा मोडल्या, त्यालाच त्यांची काळजी. कोल्हारच्या खताच्या गोदामावर हा हमालांचा मुकादम. स्वतः कधी भाजीची पिशवी उचलली नसेल, पण पोतं कसं उचलावं यावर दिवसभर तोंड चालवतो.

सारजाआत्या गोदामामागेच राहायची. ती पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली. पायाळूने लाथ मारली की कमरेतली उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. हमाल वाकडातिकडा होत यायचा, ओट्यावरच्या गोणपाटावर पालथा पडायचा आणि आत्या त्याच्या कमरेला पाय लावायची. लाथ कसली, मांजराला बाजूला सारावं तेवढी. खरं काम पुढे, तिच्या पथ्यात. आठ दिवस ओझं नाही, पण लोळायचंही नाही, चालत राहायचं. मग आधी हलकी पोती. आणि कायमचं म्हणजे, पोतं दोघांनी धरून पाठीवर द्यायचं, एकट्याने जमिनीवरून उपसायचं नाही. पथ्य मोडलं तर उसण उलटते आणि मोडायला लावणाऱ्याच्या कमरेत जाऊन बसते. हे शेवटचं ती मुकादमाकडे बघून सांगायची.

आणि तो टरकायचा. डॉक्टरच्या चिठ्ठीला हिंग लावून न विचारणारा हा माणूस लाथेपुढे मात्र मान खाली घालायचा. लोकांना अशांची कीव येते. मला किळस येते.

आमचं घर बौद्ध. गंडेदोरे, अंगारे दारातसुद्धा उभे न करणारं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे आत्याच्या या उद्योगावर माझी आणि तिची कायम जुंपायची. शेवटी दवाखान्यात भेटलो तेव्हाही मी तोच विषय काढला. तिने मला खाटेजवळ बोलावलं.

"मी कुठं पायाळू हाय? समद्यांसारखी डोक्याकडूनच आले."

मग सगळं सांगितलं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, याच गोदामावर हमाल होते. त्यांची कमर धरली तेव्हा नगरच्या डॉक्टरने नेमकं हेच पथ्य सांगितलं होतं. याच मुकादमाने चिठ्ठी न वाचता परत दिली आणि त्याच दिवशी त्यांना गाडी खाली करायला लावली. त्यानंतर मामा सरळ उभे राहिले नाहीत. मी त्यांना पाहिलं ते खाटेवरच.

"डाक्टरचंच सांगत हुते रे मी. तोंडानं सांगून कोन ऐकतं? लाथंचं ऐकत्यात."

आत्याच्या जलदान विधीला बुद्धवंदना झाली न झाली तोच मुकादम बोलायला उभा राहिला. आत्याच्या पायात दैवी शक्ती होती म्हणाला. मामा आपला जिवलग होता म्हणाला. एवढा कोडगेपणा कुठे शिकवतात कोण जाणे.

परवा आत्याचं घर आवरायला गेलो. गोणपाट ओट्यावर तसंच अंथरलेलं होतं. ते गुंडाळायला वाकलो, तोच भिंत धरत धरत रमेश हमाल आला आणि त्याच्या मागोमाग मुकादम. "आत्या न्हाई आता," तो रमेशला सांगत होता, "गोळी घे अन् चल, गाडी उभी हाय."

रमेश गोणपाटाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मला मामांच्या खाटेपाशी घेऊन गेला.

"पड पालथा," मी म्हणालो. "मी बी पायाळूच हाय."

"तुमी, सर?" मुकादम चाचरला.

मी चप्पल काढली. पाय रमेशच्या कमरेला अलगद टेकवला आणि आत्याचं पथ्य सांगायला सुरुवात केली. शेवटचं वाक्य तिच्यासारखंच, मुकादमाकडे बघून म्हणालो.

त्याचा हात आपोआप स्वतःच्या कमरेवर गेला.