पाण्याचा अल्बम

पुण्याच्या भाचीने मोबाईलवर एक अल्बम पाठवला. नदी, तलाव, झरा, समुद्र, अशा एकेका पाण्यावर बांधलेली एकेक धून. शब्द नाहीत, संथ बासरी, कीबोर्ड आणि खाली सतत वाहणारं पाणी. "आजोबांना दुपारी लावून दे, छान झोप लागेल," म्हणाली. मला हसू आलं. आमच्या नळाला चार-चार दिवस थेंब नसतो आणि हिने थेट समुद्र पाठवला.

बाबांची झोप मात्र खरंच उडाली होती. माणसं ओळखू येत नव्हती. एका दुपारी जेवणानंतर मी 'नदी' लावली, तर ते ताडकन उठून बसले. बाबा जन्मभर कालव्यावर, आमच्याकडच्या नहरावर, पाटकरी होते. शेतांच्या पाण्याची पाळी आली की गेट उघडायचं, संपली की चाक फिरवून बंद करायचं, हीच त्यांची नोकरी.

"गेट कोनं उघडलं? बाई हाये नहरात! धुणं धुऊन राह्यली थे!"

त्यांचे दोन्ही हात हवेतलं चाक फिरवू लागले. मी घाबरून आवाज हळूहळू कमी करत नेला. पाणी बारीक झालं, थांबलं.

"निघाली का थे?"

"निघाली, बाबा," मी म्हटलं. ते आडवे झाले आणि गाढ झोपले.

आई तूर निवडत होती. तिला विचारलं, तर तिचा हात थांबला. "तुह्या जन्माच्या आंधीची गोष्ट. गेट उघडतानी शिट्टी वाजवली होती त्याईनं. तिले आयकू नाई आली, वाहून गेली. कोनी त्याईले बोल नाई लावला." एवढं बोलून ती पुन्हा तूर निवडू लागली.

अल्बम पुसून टाकायला हवा होता. पण गेट बंद झाल्याशिवाय बाबांचा डोळा लागेना. मग रोज दुपारी मीच पाणी सोडायचे आणि मीच त्या बाईला बाहेर काढायचे. स्वतःचा संताप यायचा. घरी धुणं धुताना मान आपोआप मागे वळायची; पाठीमागून पाणी येतंय असं वाटायचं.

परवाही पाणी थांबलं. हात थांबले.

"निघाली का थे?"

"निघाली, बाबा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कितीतरी महिन्यांनी नजरेत ओळख होती.

"खोटं कायले बोलतं, माय? म्याच उचललं होतं तिले."