कोरडी काच

कुणाच्याही घरी गेले की काका आधी खिडकीच्या काचेला उलटा हात लावायचे, लेकराचा ताप बघावा तसा. मग बोट फिरवून ओल बघायची, मान हलवायची आणि म्हणायचं, "घरानं रातभर श्वास घेतला."

आम्ही आयर्लंडमधल्या नावन गावात राहतो. शेजारी नागपूरचा एक इंजिनियर. काका त्याचे वडील. दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि २०२० मध्ये विमानं बंद झाल्यामुळे वर्षाहून जास्त अडकले. सगळी नोकरी संत्र्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये झालेली. थंडी, ओल आणि बर्फ याबद्दल त्यांना चार गोष्टी शिकवेल असा माणूस आमच्या रस्त्यावर नव्हता.

मला तर त्यांनी पहिल्याच भेटीत पकडलं. माझ्या खिडक्यांवरून पाणी ओघळायचं, कोपऱ्यांत काळी बुरशी धरायची. मी रोज टॉवेल पिळायची आणि घरमालकाला नावं ठेवायची. काकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या झरोक्यात मी जुनी उशी कोंबली होती.

"हे काहून बुजवलं, बाई?"

"काका, केवढा गार वारा येतो तिथून!"

"येऊ द्या जी. तुमी कुकर लावता, कपडे घरातच वाळवता. वाफ जाईन कोठी?"

मी पुण्याची. चूक मान्य करायला मला चार दिवस लागतात. पाचव्या दिवशी उशी काढली आणि आठवड्याभरात खिडक्या सुधारल्या. हे मी त्यांना मुद्दामच सांगितलं नाही, पण त्यांनी रस्त्यावरून काच बघून ओळखलं.

समोर एक आयरिश आजी एकटी राहते. तिच्या जुन्या, एकेरी काचांवर थंडीत आतून बर्फ धरायचा. सकाळी ती चमच्याने तो खरवडून बशीएवढं गोल करायची आणि त्यातून हात हलवायची. इकडे काका आपल्या खिडकीवरची वाफ तळहाताने गोल पुसून उलट हात हलवायचे. यांना इंग्रजी येत नाही, तिला मराठी कुठून येणार! कोविडच्या भीतीने दोघंही घरात कोंडलेली. त्या हिवाळ्यात आम्ही बाकीचे दिवसभर स्क्रीनवर बोलत होतो, पण खरं सांगा, आपली अशी वाट बघणारं कुणी किती जणांना होतं?

जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या दारावर थाप पडली. बाहेर काका. अंगात मुलाचा कोट, पायात चपला, रस्ता हिमाने पांढरा. मुलगा कामावर गेलेला.

"बाई, तिची काच कोरडी हाय."

मी समोर पाहिलं. खिडकी लख्ख होती. बर्फ नाही, वाफ नाही. मी म्हटलं, "मग चांगलंच की, काका! हीटिंग दुरुस्त झालं असेल."

"नाही जी." ते तिच्या खिडकीकडेच बघत होते. "एवढ्या थंडीत काच कोरडी म्हंजे त्या खोलीत रातभर कोणी श्वास नाही घेतला."

कॉफी पिताना मी तीच खिडकी दहा मिनिटं बघत होते, आणि मला मेलीला काही दिसलं नव्हतं. धावत जाऊन बेल वाजवली, दार ठोठावलं. उत्तर नाही. काका अंगणात हात जोडून उभे होते. मग तेच पुढे झाले आणि बाजूच्या बोळातून घराच्या मागे गेले. मी त्यांच्या मागोमाग.

स्वयंपाकघराची काच आतून वाफेने गच्च भरली होती. थेंब ओघळत होते.

"हाय!" काका ओरडले. "आत हाय!"

तेवढ्यात कुणीतरी बाहीने काच पुसली. आजी! डोक्यावर लोकरीची टोपी, हातात चहाचा मग. तिचा घर तापवणारा बॉयलर आदल्या दिवशी बंद पडला होता. म्हणून ती स्वयंपाकघरात हीटर लावून, दार बंद करून खुर्चीतच झोपली होती. कानाला कमी, त्यात किटली उकळत होती, त्यामुळे बेल ऐकूच आली नव्हती.

"मी अगदी ग्रँड आहे," ती खिडकी उघडून मला म्हणाली. "पण युअर मॅन बर्फात चपला घालून काय करतोय?" इथे ठीक असण्याला ग्रँड आणि कुणाही पुरुषाला युअर मॅन म्हणतात.

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी तिथेच हसत सुटले. काका डोळे पुसत होते. "थंडीनं पाणी येते डोयात," ते म्हणाले. मग त्यांची नजर आत भिंतीवर गेली. झरोक्यात आजीने वर्तमानपत्र कोंबलं होतं.

"इनंबी बुजवलं! सांगा तिले!"

मी सांगितलं. पाचव्या दिवशी तिने ते काढलं की नाही, मला माहीत नाही.

काका उन्हाळ्यात नागपूरला परत गेले. शेजारच्या त्या खिडकीत आता कुणी उभं नसतं.

डिसेंबरात पहिली कडाक्याची थंडी पडली, त्या सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. कशा आहात नाही, काही नाही. "काच दाखवा."

मी फोन समोर धरला. आजीची खिडकी बर्फाने पांढरी होती. बघता बघता त्यात एक छोटं गोल उमटलं, मोठं झालं, आणि त्यातून हात हलायला लागला. माझ्याकडे नव्हे, शेजारच्या रिकाम्या खिडकीकडे.

तिकडे नागपूरच्या उन्हात बनियनवर बसलेल्या काकांनीही हात हलवला. "घेतला," ते म्हणाले. "श्वास घेतला."

माझी मीटिंग सुरू झाली होती. होऊ दे म्हटलं, आणि आजीचा हात खाली जाईपर्यंत फोन तसाच धरून उभी राहिले.