पुढच्या पिशवीचा तळ

चेन्नईहून एन्नोरला जाणाऱ्या लोकलमध्ये एक बाई रोज माझ्यासमोर बसून प्लास्टिकच्या वायरची पिशवी विणायची. उजव्या हातातला जोर सरत चालला होता, म्हणून गाठ दातांनी आवळायची. एक पिशवी पुरी झाली की उतरण्याआधी दुसरीचा तळ घालायची.

"अक्का, आज तरी दमानं घ्या," मी एकदा धीर करून म्हटलं.

"तळ घातला की उद्या यावंच लागतं," ती तंजावरकडच्या हेलात मराठीत म्हणाली. "अर्धी पिशवी टाकून मरायची लाज वाटते, अम्मा!" आणि हसली.

गेल्या महिन्यात हिरव्या पिशवीचे बंद लावून झाले. वायरचं नवं बंडल तिनं उघडलंच नाही. माझ्या मांडीवर ठेवलं आणि उतरली.

तेव्हापासून ती दिसली नाही. बंडल घरात तसंच आहे. मला तळ घालता येत नाही.