हजार भोकांची तबकडी

वेधशाळेत नोकरी लागली तेव्हा रफूबाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि आकाशाकडे त्या बघत ते फक्त कपडे वाळत घालण्यापुरतं. त्याआधीची बावीस वर्षं त्यांनी ड्रायक्लीनिंगच्या एका दुकानात, मागच्या खोलीतल्या खिडकीपाशी, स्टुलावर बसून काढली होती. सिगारेटनं जळालेला कोट, कसरीनं खाल्लेलं स्वेटर, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, काहीही येवो. बाई त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून चार दोरे काढत आणि भोक असं भरून टाकत, की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून उलटासुलटा करी आणि विचारी, "हा माझाच ना नक्की?" पुढे लोक फाटलेलं टाकून नवं घ्यायला लागले आणि दुकानाला कुलूप लागलं.

त्या दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे वेधशाळेच्या वर्कशॉपचा फोरमन. त्या दिवसांत तो अगदी मेटाकुटीला आला होता. दुर्बिणीसाठी ॲल्युमिनियमच्या गोल तबकड्या येत. तबकडी हातभर रुंद, आणि तिला हजार बारीक भोकं. प्रत्येक भोकात खालून काचेचा एक तंतू बसवायचा. तंतू केसापेक्षा थोडाच जाड, टोकाला धातूचं इवलंसं टोपण. ते भोकात दाबून पार वरपर्यंत न्यायचं, पण तंतू वाकता कामा नये. फोरमननं या कामावर धडधाकट तीन माणसं लावून पाहिली होती. तिघांनी मिळून आठवड्यात चाळीस तंतू मोडले. शेवटी त्याला आपला कोट आठवला आणि तो बाईंचं घर शोधत आला.

परीक्षा म्हणून त्यानं त्यांच्यापुढे एक बाद तबकडी ठेवली आणि पन्नास तंतू दिले. बाईंनी चष्मा लावला, एक तंतू हातात घेऊन त्याचा कल कुठे आहे ते बोटांनी चाचपलं आणि कामाला लागल्या. पन्नासच्या पन्नास बसले. एकही मोडला नाही. फोरमननं तबकडी उचलून खालून पाहिली, वरून पाहिली आणि एवढंच म्हणाला, "बाई, उद्यापासून या."

काम दिवसाचं होतं. बाईंनी दिवसभर तबकड्या भरायच्या, संध्याकाळी दोन माणसांनी त्या गाडीवरून दुर्बिणीकडे न्यायच्या, आणि सकाळी बाई येतात तो रिकाम्या करायला परत आलेल्या. आपण भरलेल्या तबकडीचं पुढे काय होतं ते बाईंनी सहा महिने विचारलं नाही. एका दुपारी मात्र, टोपणं पुसता पुसता, त्यांनी मॅडमना विचारलंच.

मॅडम म्हणजे या सगळ्या मोहिमेचं गणित सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञ. वयानं बाईंहून दहाएक वर्षांनी लहान, बोलायला मोकळ्या, आणि स्वतःचा चहाचा कप कुठे ठेवला ते कायम विसरणाऱ्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि नीट समजावून सांगितलं. तबकडीवरचं एकेक भोक म्हणजे आकाशातली एकेक दीर्घिका. अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा, पण इतका लांब, की त्याचा उजेड एका भोकात मावतो. तो उजेड तंतूतून यंत्रात जातो, तिथे त्याचे रंग वेगळे होतात, आणि रंग लालीकडे किती सरकलेत त्यावरून ती दीर्घिका किती दूर आहे ते कळतं. अशा लाखो दीर्घिकांचा नकाशा मांडला की त्यात एक गंमत दिसते. दोन दीर्घिकांमध्ये सुमारे पन्नास कोटी प्रकाशवर्षांचं अंतर असण्याचं प्रमाण किंचित जास्त भरतं. विश्व अगदी कोवळं होतं तेव्हाचा हा ठसा आहे, विश्वाबरोबर तोही वाढत आलाय. कोणत्या काळात त्याची लांबी किती होती ते मोजलं, की विश्व कधी किती वेगानं पसरलं याचा हिशेब लागतो.

बाईंनी हातातलं टोपण खाली ठेवलं. "म्हणजे विणलेलं कापड ताणलं की टाके एकमेकांपासून लांब जातात, तसं?"

"तसंच. फक्त हे कापड दिवसेंदिवस जास्त जोरानं ताणलं जातंय. आणि कोण ताणतंय ते कुणालाच माहीत नाही. नाव तेवढं ठेवलंय आम्ही, कृष्ण ऊर्जा."

ज्याचा पत्ता नाही त्याचं बारसं आधीच उरकून टाकलंय, असं बाईंनी घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा शाळेच्या बसवर चालक होता, निवृत्तीला सात-आठ वर्षं उरलेला, कमी बोलणारा. तो हसला आणि म्हणाला, सापडल्यावर नावासाठी भांडणं तरी होणार नाहीत. पण त्या दिवसापासून बाईंच्या कामात फरक पडला. पूर्वी त्या भोकं भरत होत्या. आता एखादा तंतू नीट बसला नाही तर एक आख्खी दीर्घिका आपल्या हातून निसटली, असं त्यांना वाटायचं. तबकडी भरून झाली की त्या डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवत. कुठे टोपण जराही खाली राहिलं असेल तर हाताला कळे. दोन तासांत हजार तंतू, दिवसाला चार तबकड्या, अशी चार वर्षं गेली. मोडलेले तंतू सगळे मिळून अकरा. फोरमन बाहेरच्या पाहुण्यांना हा आकडा असा सांगे, जणू त्याच्या लेकीचे परीक्षेतले गुण.

पाचव्या वर्षी मॅडम एक कागद घेऊन खाली आल्या. डोळे ओढलेले, केस कसेतरी बांधलेले. आकाशाच्या एका पट्ट्यात तो ठसा भलत्याच लांबीचा निघत होता. वरच्या मजल्यावर खळबळ माजली होती. मोठे सर, म्हणजे मॅडमचे वरिष्ठ, नुसते हवेत होते. हे खरं ठरलं तर कृष्ण ऊर्जेबद्दलचं आजवरचं सगळं गणित नव्यानं मांडावं लागणार होतं, आणि सरांनी लेख लिहायलाही घेतला होता. मॅडमना मात्र एक गोष्ट खुपत होती. त्या पट्ट्यातल्या तबकड्यांच्या काठाजवळच्या कितीतरी अंधूक दीर्घिका मोजल्याच गेल्या नव्हत्या. तबकडीमागून तबकडी काठावरच विरळ पडली, तर नकाशावर खोटी नक्षी उमटू शकते. म्हणून त्या एकेका विभागात जाऊन विचारत होत्या. कागदावर अडतीस तबकड्यांचे क्रमांक आणि तारखा होत्या; त्या दोन महिन्यांत आकाश बहुतेक ढगाळ राहिल्यानं एवढ्याच तबकड्या वापरल्या गेल्या होत्या.

"बाई, या दोन महिन्यांत इथे काही वेगळं झालं होतं का? नवी तबकडी, नवी टोपणं, काहीही?"

बाईंनी कागद पाहिला. "नाही मॅडम, काहीच नाही," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं.

घरी जाताना बसमध्ये त्यांनी अंगठ्यानं पिशवीचा बंद सारखा केला आणि तोच अंगठा बघून त्या थबकल्या. तारखा आठवल्या. त्याच दोन महिन्यांत त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजला होता. बरणीचं झाकणसुद्धा उघडत नव्हतं. अंगठा गेला तर कामही जाईल, या भीतीनं त्यांनी वर्कशॉपमध्ये चकार शब्द काढला नव्हता. तंतू त्या डाव्या हातानं दाबत होत्या. मधली भोकं सरळ असतात, तिथे टोपण अलगद चढतं. काठाकडची भोकं मात्र तिरकी, घट्ट. तिथे जोर लावावा लागतो. आणि टोपण वर आलंय की नाही ते बघायला तळहात फिरवायचा, तर उजवा पंजा पसरला की कळ येई, म्हणून तोही त्या डावाच फिरवत होत्या. त्या हाताला ही पारख कधी नव्हतीच.

जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं आधी तारखा पडताळून दिल्या. शाळेच्या सुट्ट्या लागण्याआधीचेच ते दिवस, बरण्या तेव्हा आपणच उघडत होतो, हे त्याला पक्कं आठवत होतं.

"अगं, एवढ्या मोठ्या आकाशाचा हिशेब तुझ्या अंगठ्यानं चुकेल का?" तो मग म्हणाला. "आणि तू सांगितलं नाहीस तर कुणाला कळणारही नाही."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "कुणाला कळणार नाही. अहो, त्यांनी मला तोंडावर विचारलं, आणि मी नाही म्हणून बसले."

नवऱ्यानं त्यावर वाद घातला नाही. ताटं त्यानंच उचलली आणि सकाळी बसथांब्यापर्यंत सोबत आला, एवढंच.

वर्कशॉपमध्ये पोचल्यावर बाई आपल्या टेबलाशी गेल्याच नाहीत. थेट वरच्या मजल्यावर गेल्या. मॅडमच्या खोलीत मोठे सरही बसलेले होते. बाईंना वाटलं, नंतर यावं. पण पाय मागे फिरले असते तर पुन्हा वर चढले नसते. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सूज, डावा हात, काठाची भोकं, आणि लपवाछपवीसुद्धा. सर त्यांच्याकडे बघत राहिले, मग खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमनी फक्त एक विचारलं: "तसंच पुन्हा बसवून दाखवाल?"

त्या अडतीसांतली एक तबकडी कोठारातून काढली. बाईंनी ती डाव्या हातानं भरली, मुद्दाम वाईट नाही आणि मुद्दाम चांगलीही नाही, जशी तेव्हा भरली असती तशी. मग फोरमननं खिडक्या झाकून अंधार केला आणि वरून दिवा सोडून एकेका तंतूतून किती उजेड येतो ते मोजलं. मधले सगळे तंतू ठणठणीत. काठावरच्या दोनशेबारापैकी एकसष्ट तंतूंतून उजेड कमी. टोपणं नखाच्या जाडीएवढी खाली राहिली होती. ठळक दीर्घिकांना तेवढं चाललं असतं. अंधूक दीर्घिका मात्र तिथल्या तिथे हरवल्या.

बाई खाली मान घालून उभ्या होत्या. नोकरी गेल्यातच जमा, असं त्यांनी धरलं होतं. मॅडम आकडे दोनदा वाचून झाल्यावर त्यांच्याकडे वळल्या.

"बाई, चार महिने सहा माणसं संगणकात हे शोधतायत," त्या म्हणाल्या. "तुम्ही नसतं सांगितलं तर आम्ही चुकीचं छापलं असतं आणि जगानं ते खरं मानलं असतं."

मग त्यांनी फोरमनला विचारलं, की दुखरा अंगठा लपवावासा वाटावा असं इथे काय आहे? तो लेथ यंत्रावर गेला आणि दुपारपर्यंत पितळेचं एक अंगुस्तान घडवून घेऊन आला. शिंप्याच्या बोटातल्या टोपीसारखंच, पण अंगठ्याच्या मापाचं आणि आत रबर लावलेलं. जोर सांध्यावर न येता सगळ्या पंजावर येईल असा त्यानं त्याला उतार दिला होता. त्यानं ते बाईंच्या हातावर ठेवलं आणि कॅलेंडरवरचे दर तिसऱ्या दिवशीचे रकाने त्यांच्यासाठी सुट्टी म्हणून लाल केले. माफीबिफी मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. हीच त्याची माफी.

अडतीस तबकड्या बाईंनी नव्यानं भरल्या. दुर्बिणीनं तो पट्टा पुन्हा पाहिला, त्यात आठ महिने गेले. काठाच्या हरवलेल्या दीर्घिका एकेक करून नकाशावर आल्या, आणि ठशाची लांबी आकाशात इतरत्र होती तिथेच येऊन बसली. नवा शोध लागला नाही. पण विश्व किती वेगानं पसरत आलंय त्याचा आकडा आधीपेक्षा पक्का झाला, संशयाची जागा निम्म्यानं घटली. मोठे सर महिनाभर बाईंशी बोलले नाहीत. मग एके दिवशी स्वतःचा बाही फाटलेला कोट घेऊन खाली आले आणि म्हणाले, जमेल का? बाईंनी तो जेवणाच्या सुट्टीत भरून दिला. सरांनी उजेडात धरला, त्यांना फाटलेली जागा सापडली नाही.

लेख छापून आला तेव्हा त्यावरच्या एकशेचार नावांत बाईंचं नाव होतं, आडनावाच्या क्रमानं, दोन प्राध्यापकांच्या मधे. मॅडमनी तो कागद आणून दिला. बाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, नाव सोडून. नवऱ्यानं मात्र तो बसच्या काचेमागे चिकटवला आणि निवृत्त होईपर्यंत काढला नाही. मुलांनी विचारलं की सांगायचा, हे आमच्या घरचं आहे.

दोन वर्षांनी तबकड्यांचा जमाना संपला. नवी दुर्बीण आली. तिच्यात पाच हजार इवलाले यांत्रिक हात होते, आणि ते आपापला तंतू आपोआप हव्या त्या दीर्घिकेसमोर नेत. बाईंनी निरोपाची तयारी केली, टेबलाचा खण रिकामा केला. तेव्हा नव्या यंत्राचे इंजिनिअर फोरमनला शोधत आले. यंत्र तयार होतं, हातही तयार होते, पण त्या प्रत्येक हातात तंतू ओवायचा कुणी? ओवणारं यंत्र अजून कुणी केलेलं नव्हतं. आठवड्यात त्यांचे सत्तर तंतू मोडले होते.

फोरमननं फक्त बाईंच्या टेबलाकडे बोट केलं.

ते काम सात महिने चाललं. बाईंनी हाताखाली चौघांना घेतलं. पहिले पंधरा दिवस कुणाला यंत्राला हात लावू दिला नाही. आधी डोळे मिटून तंतूचा कल ओळखायला शिकवलं. शिकवताना त्या आणखी एक नियम घालून देत, आणि त्याबाबतीत फार कडक होत्या. हात दुखला तर त्याच दिवशी सांगायचं. पाच हजारावा तंतू त्यांनी स्वतः ओवला, चष्मा काढून पदराला पुसला, आणि मॅडमना वर निरोप धाडला की आता दुर्बीण लावून बघा.